परिचालन प्रणालीची स्थापना : यंत्रसामग्रीची सुसंगती

संगणकाची प्रत्यक्ष यंत्रसामग्री आणि तीवर चालणाऱ्या विविध आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून दोहोंचा व्यवहार चालविणाऱ्या मूलभूत आज्ञावलीसंचाला परिचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅकओएस ही तिची परिचित उदाहरणे होत. परिचालन प्रणाली एखाद्या यंत्राच्या हार्डडिस्कवर उतरवून ती त्या यंत्राच्या घटकांशी जोडून देण्याच्या क्रियेस तिची स्थापना म्हणतात. यंत्रातील प्रत्येक घटक प्रणालीला ओळखता येणे, त्याच्याशी आज्ञा व माहिती यांची देवघेव करता येणे आणि ही देवघेव सातत्याने बिनचूक होणे, या तीन गोष्टी साधल्या म्हणजे यंत्र व प्रणाली परस्परांशी सुसंगत आहेत असे समजतात. यांपैकी एक जरी साधली नाही, तरी विसंगती निर्माण होते. पडदा काळा राहणे, हार्डडिस्क न दिसणे, बिनतारी जाळ्याशी जोडणी न होणे, आवाज न येणे किंवा प्रिंटर मुका राहणे ही तिची नेहमीची लक्षणे होत.

विसंगती आणि बिघाड यांत मूलतः भेद आहे. बिघाडात घटक स्वतःच निकामी झालेला असतो. विसंगतीत घटक धड असतो, प्रणालीही धड असते, परंतु दोघांना समजणारा दुवा उपलब्ध नसतो. हा भेद लक्षात न घेतल्यामुळे चालू स्थितीतील यंत्रे भंगारात निघतात किंवा घाईने केलेल्या प्रयत्नांत वर्षानुवर्षांची माहिती पुसली जाते. विंडोज १० या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर हा प्रश्न सहकारी पतसंस्था, दूध संकलन केंद्रे, शाळांतील संगणक कक्ष, छापखाने व लहान रुग्णालये यांच्यापुढे एकाच वेळी उभा राहिला. सातारा व सांगली या जिल्ह्यांत अशा संस्थांचे जाळे दाट असल्याने तेथील उदाहरणांवरून विषयाचे स्वरूप चांगले स्पष्ट होते.

स्तररचना :

संगणक सुरू होताना आज्ञावल्यांचे स्तर एकामागून एक कार्यरत होतात. प्रथम मदरबोर्डवरील स्मृतीत कायम साठविलेली आज्ञावली चालू होते. तिला फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत ती बायोस या प्रकारची, तर नव्या यंत्रांत यूईएफआय या प्रकारची असते. ती प्रक्रियक, रॅम व साठवण यांची प्राथमिक तपासणी करून बूट लोडर या छोट्या आज्ञावलीकडे सूत्रे सोपविते. बूट लोडर परिचालन प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल रॅममध्ये आणतो. कर्नल निरनिराळ्या घटकांसाठी लिहिलेल्या ड्रायव्हर नावाच्या आज्ञावल्या चालू करतो आणि त्यानंतरच वापरणाऱ्यास परिचित असलेला पडदा दिसू लागतो. प्रत्येक स्तर केवळ आपल्या लगतच्या स्तराशी बोलतो. म्हणून साखळी कोणत्या स्तरावर तुटली हे कळले, की कारणांचे क्षेत्र आपोआप मर्यादित होते.

ड्रायव्हरचे कार्य दुभाष्यासारखे असते. कर्नल ‘हे पान छाप’ अशी सर्वसाधारण आज्ञा देतो. विशिष्ट प्रिंटरला समजतील अशा संकेतांत तिचे रूपांतर ड्रायव्हर करतो. सांगली जिल्ह्यातील मिरज या रेल्वे जंक्शनचा इतिहास या संदर्भात उद्‌बोधक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही काळ तेथे ब्रॉडगेज (१,६७६ मिमी.), मीटरगेज (१,००० मिमी.) व नॅरोगेज (७६२ मिमी.) असे तिन्ही मार्ग एकत्र येत. पुण्याकडून आलेला ब्रॉडगेजचा डबा कितीही भक्कम असला, तरी तो पंढरपूरच्या नॅरोगेजवर जाऊ शकत नसे. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. डबा नादुरुस्त नव्हता, रूळही नादुरुस्त नव्हते. दोहोंचे माप वेगळे होते. संगणकातील बहुतेक विसंगती याच स्वरूपाच्या असतात आणि माल हलविण्याचे काम तेथे ड्रायव्हर करतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

आरंभीच्या काळात प्रत्येक संगणकासाठी आज्ञावल्या स्वतंत्रपणे लिहीत. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. लहानमोठ्या क्षमतेच्या अनेक यंत्रांवर एकच आज्ञावली चालावी, हे तिचे प्रमुख तत्त्व होते. सुसंगतीची आधुनिक कल्पना या मालिकेपासून रूढ झाली. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकाची रचना बव्हंशी खुली असल्याने इतर उत्पादकांनी त्यासारखी यंत्रे बनविली. तथापि त्यातील बायोस ही आयबीएमची मालकीची आज्ञावली होती. कॉम्पॅक कंपनीने तिच्यासारखेच वर्तन करणारी बायोस स्वतंत्रपणे लिहून घेतली आणि तेव्हापासून ‘सुसंगत संगणक’ हा बाजारातील नेहमीचा शब्द झाला.

त्या काळी नवे कार्ड बसविताना त्याचा इंटरप्ट क्रमांक व पत्ता कार्डावरील बारीक जोडपिना बदलून हाताने ठरवावा लागे. दोन कार्डांना एकच क्रमांक मिळाला, तर दोन्ही बंद पडत. पीसीआय (१९९२), विंडोज ९५ मधील स्वयंओळख व्यवस्था (१९९५) आणि यूएसबी (१९९६) यांमुळे हे काम यंत्राकडे गेले. मात्र त्याबरोबर ड्रायव्हरवरील अवलंबन वाढले. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टात ड्रायव्हरांची रचना बदलली, तर तिच्या ६४-बिट आवृत्तीत अधिकृत अंकीय स्वाक्षरी असलेलेच कर्नल ड्रायव्हर स्वीकारले जाऊ लागले. परिणामी सुस्थितीतील अनेक प्रिंटर व स्कॅनर त्या प्रणालीवर निरुपयोगी ठरले.

मराठीच्या संदर्भात जिस्ट कार्डाचे उदाहरण महत्त्वाचे आहे. आयआयटी, कानपूर येथे या तंत्राचा उगम झाला व पुण्याच्या सी-डॅक संस्थेत (स्थापना १९८८) त्याचा विकास झाला. हे कार्ड यंत्राच्या आयएसए खाचेत बसविल्यावर डॉसवरील इंग्रजी आज्ञावल्यांतही देवनागरी अक्षरे दिसत. म्हणजे परिचालन प्रणालीत नसलेली लिपीची सोय यंत्रसामग्रीने पुरविली होती. पुढे विंडोज २००० या प्रणालीत युनिकोडवर आधारित देवनागरी अंतर्भूत झाली आणि त्याच सुमारास नव्या मदरबोर्डांवरून आयएसए खाचाही नाहीशा होऊ लागल्या. जुन्या आज्ञावलीत साठविलेला मराठी मजकूर नव्या यंत्रावर वाचायचा, तर इस्की संकेताचे (भारतीय मानक १३१९४ : १९९१) युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते. यंत्र बदलले, की केवळ ड्रायव्हरच नव्हे तर माहितीचा संकेतही तपासावा लागतो, हे यावरून दिसते.

विसंगतीचे प्रमुख प्रकार :

(१) प्रक्रियक व स्मृती : ६४-बिट प्रणाली ३२-बिट प्रक्रियकावर चालत नाही. उलट ३२-बिट विंडोज ६४-बिट यंत्रावर चालते. परंतु तिच्या सामान्य आवृत्त्यांना ४ जीबीपेक्षा कमीच रॅम वापरता येते आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाहीच. लिनक्सच्या डेबियन या वितरणानेही ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीपासून जुन्या ३२-बिट यंत्रांसाठी स्थापनेची सोय बंद केली. विंडोज ११ साठी ६४-बिट प्रक्रियक, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट करण्याची क्षमता आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक असते. शिवाय प्रक्रियक मायक्रोसॉफ्टच्या यादीत असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी सामान्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते.

(२) फर्मवेअर व विभागणी : बायोस पद्धतीत हार्डडिस्कची विभागणी एमबीआर पद्धतीने, तर यूईएफआय पद्धतीत ती जीपीटी पद्धतीने करतात. एमबीआर पद्धतीला सु. २ टीबीच्या पुढील जागा वापरता येत नाही. पेनड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झाला व हार्डडिस्क दुसऱ्या पद्धतीने विभागलेली असली, तर विंडोजची स्थापक आज्ञावली पुढे जाण्यास नकार देते. येथे दोष पेनड्राइव्हचाही नसतो व हार्डडिस्कचाही नसतो. बूट करण्याची पद्धत बदलणे हा त्यावरील उपाय होय.

(३) साठवणीचे नियंत्रक : विंडोज एक्सपीच्या स्थापक आज्ञावलीत साटा हार्डडिस्कच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ या अर्थाचा संकेत येऊन स्थापना थांबे. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या अनेक लॅपटॉपांत हीच अडचण नव्या रूपाने आली. त्यांतील व्हीएमडी हा नियंत्रक चालू असला, की स्थापक आज्ञावलीला एकही डिस्क दिसत नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून मिळणारा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तो स्थापनेच्या वेळी दाखविल्यास किंवा फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद केल्यास डिस्क दिसू लागते. आधीची प्रणाली त्याच डिस्कवर ठेवावयाची असेल, तर दुसरा उपाय सावधपणे करावा लागतो, कारण ती प्रणाली नंतर बूट होण्यास नकार देऊ शकते.

(४) यूएसबी : विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० नियंत्रकाचा ड्रायव्हर समाविष्ट नव्हता. २०१५ नंतरच्या अनेक यंत्रांत केवळ तोच नियंत्रक असल्याने विंडोज ७ ची स्थापना सुरू होई, परंतु पहिल्याच पडद्यावर माउस व कळफलक निश्चल होत. बूट करताना हीच साधने फर्मवेअरच्या आधाराने चालत. कर्नलने सूत्रे हाती घेताच तो आधार संपे. एकाच साधनाचे वर्तन स्तराप्रमाणे बदलते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

(५) चित्रदर्शन व बिनतारी जाळे : लिनक्सच्या स्थापनेत काही ग्राफिक्स कार्डांवर पडदा काळा राहतो. अशा वेळी बूट लोडरमध्ये ‘नोमोडसेट’ हा पर्याय दिल्यास कर्नल साध्या चित्रपद्धतीवर थांबतो. त्यानंतर योग्य ड्रायव्हर बसविता येतो. अनेक वायफाय कार्डांना ड्रायव्हरखेरीज उत्पादकाची स्वतंत्र फर्मवेअर फाइल लागते. परवान्याच्या प्रश्नामुळे अशा फाइली डेबियनच्या अधिकृत स्थापना-संचात नसत. २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून त्यांचा समावेश झाला. तत्पूर्वी वायफाय चालण्यासाठी फाइल हवी आणि फाइल मिळण्यासाठी वायफाय हवे, असा पेच पडे. तारेने राउटरला जोडून किंवा मोबाइल फोनची यूएसबी जोडणी घेऊन तो सोडविता येतो.

दोषनिदानाची पद्धती :

विसंगतीचे निदान क्रमाने करावे लागते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदल नोंदवून ठेवावा, हा पहिला नियम होय. दोन बदल एकदम केले, की यश कोणत्या बदलामुळे आले हे कळत नाही आणि तोच प्रश्न दुसऱ्या यंत्रावर पुन्हा सोडवावा लागतो.

प्रथम साखळी कोठे तुटते ते पाहतात. यंत्र सुरू करूनही उत्पादकाचे चिन्ह दिसत नसेल, तर प्रश्न परिचालन प्रणालीचा नव्हे. रॅम, वीजपुरवठा किंवा मदरबोर्ड तपासावा लागतो. चिन्ह दिसते परंतु पेनड्राइव्ह सुरू होत नसेल, तर बूटक्रम, सिक्युअर बूट व पेनड्राइव्ह तयार करण्याची पद्धत पाहावी. स्थापक आज्ञावली सुरू होऊन डिस्क दिसत नसेल, तर नियंत्रकाचा ड्रायव्हर शोधावा. स्थापना दर वेळी निरनिराळ्या टक्क्यांवर थांबत असेल, तर विसंगतीपेक्षा सदोष रॅम, खराब डिस्क किंवा अपुरी उतरलेली फाइल अधिक संभाव्य असते. ती एकाच ठिकाणी थांबत असेल, तर विसंगतीचा संशय बळावतो. उतरविलेल्या फाइलीची बेरीज-तपासणी आणि मेमटेस्टसारखी रॅमची चाचणी या दोन साध्या गोष्टींनी पुष्कळ व्यर्थ श्रम वाचतात.

दुसरी पायरी घटकाची खरी ओळख पटविण्याची होय. खोक्यावर किंवा यंत्राच्या पाठीवर छापलेल्या नावावर विसंबता येत नाही, कारण एकाच नावाच्या प्रतिकृतीत उत्पादक वेळोवेळी वेगवेगळ्या चिपा वापरतात. पीसीआय व यूएसबी या दोन्ही पद्धतींत प्रत्येक साधन उत्पादकाचा व स्वतःचा असे चार-चार षोडशमान अंकांचे दोन क्रमांक सांगते. इंटेलचा पीसीआय क्रमांक ८०८६ असून तो कंपनीच्या प्रसिद्ध प्रक्रियकाचे नाव धारण करतो. विंडोजमध्ये हे क्रमांक डिव्हाइस मॅनेजरच्या तपशिलात, तर लिनक्समध्ये एलएसपीसीआय व एलएसयूएसबी या आज्ञांनी दिसतात. योग्य ड्रायव्हर शोधताना नाव नव्हे, तर हे क्रमांक आधारभूत धरतात. डिव्हाइस मॅनेजरमधील त्रुटिक्रमांकही अर्थपूर्ण असतो. २८ हा क्रमांक ड्रायव्हर बसविलेलाच नसल्याचे, तर १० हा ड्रायव्हर असूनही साधन सुरू होऊ न शकल्याचे दर्शवितो. पहिल्या बाबतीत ड्रायव्हर शोधावा लागतो. दुसऱ्या बाबतीत आहे तो ड्रायव्हर त्या साधनासाठी योग्य आहे काय, ते पाहावे लागते.

तिसरी पायरी अनावश्यक घटक वजा करण्याची होय. प्रिंटर, स्कॅनर, जादा डिस्क व जोडकार्डे काढून केवळ कळफलक, माउस, पडदा व एक डिस्क यांवर स्थापना पूर्ण करावी आणि नंतर एकेक साधन जोडावे. ज्या साधनानंतर लक्षण परत दिसते, तेथे तपास केंद्रित होतो. फर्मवेअरची नवी आवृत्ती बसविणे हा उपाय अनेकदा गुणकारी असला, तरी तो शेवटी योजावा. त्या वेळी वीज खंडित झाल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. वीजपुरवठा अनियमित असलेल्या ठिकाणी यूपीएसशिवाय हे काम करू नये.

सीरियल पोर्टाचे उदाहरण :

कृष्णा व वारणा खोऱ्यांतील साखर कारखान्यांचे वजनकाटे आणि गावोगावची दूध संकलन केंद्रे यांत वरील पद्धतीचा कस लागतो. उसाच्या गाडीचे वजन दर्शविणारा इलेक्ट्रॉनिक काटा किंवा दुधातील स्निग्धांश मोजणारे यंत्र आपले मापन बहुधा आरएस-२३२ या सीरियल पद्धतीने संगणकाकडे पाठविते. त्या मापनावरून उत्पादकाची पावती छापली जाते. म्हणून जोडणी तुटल्यास किंवा आकडा चुकीचा आल्यास त्याचा परिणाम थेट शेतकऱ्याच्या पैशावर होतो. असे काटे दीर्घकाळ टिकतात, संगणक मात्र त्यामानाने लवकर बदलतात आणि नव्या संगणकांवर सीरियल पोर्ट सहसा नसतो.

यावर उपाय म्हणून यूएसबीला जोडावयाचा रूपांतरक वापरतात. तो जोडूनही वजन येत नसेल, तर कारणे निरनिराळ्या स्तरांवर असतात. पीएल-२३०३ मालिकेच्या जुन्या चिपा असलेल्या रूपांतरकांना उत्पादकाचे नवे ड्रायव्हर स्वीकारत नाहीत. विंडोज १० व ११ वर अशा वेळी त्रुटिक्रमांक १० दिसतो. बाजारात या चिपांच्या नकलाही असतात व त्यांच्या बाबतीतही हेच घडते. त्रुटी दिसत नसूनही वजन येत नसेल, तर पोर्टाचा क्रमांक पाहावा. जुनी आज्ञावली कॉम-१ किंवा कॉम-२ येथेच वजन शोधते, तर रूपांतरकाला कॉम-५ किंवा त्यापुढील क्रमांक मिळालेला असू शकतो. तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये बदलता येतो. क्रमांक योग्य असून पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटत असतील, तर वहनवेग, पॅरिटी व थांबाबिट या मांडणी काट्याच्या मांडणीशी जुळत नाहीत, असा निष्कर्ष निघतो.

आज्ञावली स्वतः डॉसकालीन १६-बिट असेल, तर ती ६४-बिट विंडोजवर मुळीच चालत नाही. तेव्हा एका यंत्रात दुसरे आभासी यंत्र निर्माण करून त्यात जुनी प्रणाली चालविणे आणि खरा पोर्ट त्याला जोडून देणे हा मार्ग उरतो. कोणताही उपाय केल्यानंतर ज्ञात वजनाची मापे काट्यावर ठेवून पडद्यावरील व पावतीवरील आकडे ताडून पाहिल्याशिवाय व्यवहार सुरू करू नये. जोडणी चालू झाली एवढ्यावरून आकडा बरोबर आहे असे ठरत नाही.

रुग्णालयांतील तपासणी-यंत्रे, कारखान्यांतील संगणक-नियंत्रित यंत्रे आणि आज्ञावलीचा परवाना पडताळणारे समांतर पोर्टावरील कुलूप वापरणाऱ्या काही जुन्या अक्षरजुळणी प्रणाली यांच्या बाबतीतही हाच क्रम लागू पडतो. अशा ठिकाणी जुनी प्रणाली बदलणे अशक्य ठरल्यास ते यंत्र आंतरजाळापासून अलग ठेवून केवळ त्या एका कामासाठी वापरतात.

पूर्वतयारी :

स्थापनेपूर्वी घ्यावयाच्या काळजीला निदानाइतकेच महत्त्व आहे. सर्व माहितीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. न तपासलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. पतसंस्थेच्या खात्यांसारख्या माहितीच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवणे इष्ट असते. डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून घ्यावी. फर्मवेअर किंवा टीपीएम यांत बदल केल्यानंतर ती मागितली जाण्याचा संभव असतो. यंत्रातील घटकांचे क्रमांक, जाळ्याची मांडणी व परवान्यांच्या किल्ल्या यांची कागदी नोंद करावी. लिनक्सची बहुतेक वितरणे डिस्कवर काहीही न लिहिता थेट पेनड्राइव्हवरून चालविता येतात. पडदा, आवाज, वायफाय व प्रिंटर यांची चाचणी त्या अवस्थेतच घेता येत असल्याने सुसंगतीचा निकाल स्थापनेपूर्वीच लागतो. शक्य असल्यास जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी व नव्या डिस्कवर स्थापना करावी. प्रयोग फसला, तरी पूर्वस्थितीत परत येता येते. अनेक यंत्रे असलेल्या संगणक कक्षात एका यंत्रावर काही दिवस काम करून पाहिल्यावरच उरलेल्या यंत्रांना हात लावणे हितावह असते.

जुन्या यंत्राविषयीचा निर्णय :

जुने यंत्र नव्या प्रणालीस पात्र नाही, एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही. काही यंत्रांत टीपीएम असूनही ते फर्मवेअरमध्ये बंद ठेवलेले असते. ते चालू करताच अपात्रतेचा शेरा नाहीसा होतो. प्रक्रियक यादीबाहेरचा असल्यास मात्र असा उपाय नाही. आवश्यकतांची तपासणी टाळून स्थापना करण्याच्या युक्त्या प्रचलित असल्या, तरी अशा यंत्रांना पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी उत्पादक देत नाही. त्यामुळे आर्थिक नोंदी ठेवणाऱ्या संस्थांनी त्यांचा अवलंब करणे योग्य नव्हे. विंडोज १० साठी संस्थांना कमाल तीन वर्षांपर्यंत सशुल्क सुरक्षा-सुधारणा घेण्याची सोय ठेवण्यात आली. ती संक्रमणकाळापुरती उपयोगी आहे. लेखन, वाचन व आंतरजाळ एवढेच काम असलेल्या यंत्रांवर लिनक्स बसविता येते. सी-डॅकने विकसित केलेली व डेबियनवर आधारलेली बॉस ही प्रणाली २००७ पासून उपलब्ध असून तीत मराठीची सोय आहे. मात्र संस्थेची लेखाप्रणाली किंवा प्रिंटर लिनक्सवर चालतो की नाही, हे आधी पडताळावे लागते.

यंत्रापूर्वी गरज तपासणे किती महत्त्वाचे असते, हे वारणा परिसरातील अनुभवावरून दिसते. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवतालच्या कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. ऊस नोंदणी, तोडणीची परवानगी व वजनाची माहिती शेतकऱ्यांना गावातच मिळावी, असा त्याचा एक उद्देश होता. काही वर्षांनी या केंद्रांतील संगणकांची देखभाल खर्चिक ठरू लागली. तेव्हा मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने तीच कामे साध्या मोबाइल फोनवरील लघुसंदेशांद्वारे करून पाहिली. संगणकावर होणारी सर्व कामे त्या पद्धतीने होऊ शकली आणि ती शेतकऱ्यांना अधिक सोयीची व कमी खर्चाची आढळली. गावातील संगणक अद्ययावत कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर त्या कामासाठी संगणक लागतोच काय, या प्रश्नातून मिळाले.

यंत्रसामग्री व परिचालन प्रणाली निरनिराळ्या उत्पादकांकडून आणि निरनिराळ्या गतीने विकसित होत राहतील तोवर विसंगतीचा प्रश्न पूर्णपणे मिटणे संभवत नाही. यूएसबीमधील कळफलक, साठवण इ. साधनवर्गांसाठी ठरविलेल्या समान ड्रायव्हरांसारख्या मानकांमुळे तो बराच सौम्य झाला आहे. उरलेल्या भागात स्तर ओळखणे, घटकाचा खरा क्रमांक पाहणे, एका वेळी एकच बदल करणे आणि माहिती सुरक्षित करूनच कामास आरंभ करणे, हीच पद्धती विश्वसनीय ठरते. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या तंत्रज्ञास व संस्थेच्या सचिवास ती सारखीच उपयोगी पडते, कारण यंत्र टाकून द्यावयाचे की केवळ दुवा शोधावयाचा, हा निर्णय बहुधा त्या दोघांनी मिळूनच घ्यावयाचा असतो.